पाच अठ्ठावन्न

स्पर्धा रविवारी संध्याकाळी सहाला बंद झाली. त्याची प्रवेशिका पाच अठ्ठावन्नला आली. संकेतस्थळावर प्रत्येक चित्राखाली वेळ दिसते, म्हणून हे नक्की सांगता येतं.

लातुरात आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयाखाली त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. क्लासेस वाढले तसे गुणवंतांचे फलक वाढले आणि त्यावर त्याचं बरं चाललं. शिवाय तो बोधचिन्हांच्या ऑनलाइन स्पर्धांत उतरायचा. आलेलं प्रत्येक चित्र तिथे सगळ्यांना दिसे. आठवडाभर तो नुसता बघत राही. शेवटच्या अर्ध्या तासात मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवी आणि दुसऱ्याची कल्पना आपल्या नावावर करी. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवं सुचण्याइतकं डोकं त्याला नव्हतं, थांबण्याइतकं होतं.

मी विचारलं तर म्हणाला, "घाई कशाला करून राहिले साहेब? लोकांला आधी टाकू द्या की."

त्या रविवारची स्पर्धा एका क्लासच्या नांदेड शाखेची होती. जिंकणाऱ्याला वर्षभराचं फलकांचं काम मिळणार होतं. आमच्याकडे अंकाची पानं लावणारी बाई त्यावर डोळा ठेवून होती. काम मिळालं तर नोकरी सोडून जळकोटला, आईजवळ, स्वतःचं दुकान टाकायचं तिने ठरवलं होतं. तिने पहिल्याच दिवशी चित्र टाकलं: पत्र्याची शेड, दारावर सतरा आकडा. भूकंपानंतर तिचा दुसरीचा वर्ग सतरा नंबरच्या शेडमध्ये भरत असे.

त्याने शेड सरळ केली, मागे सूर्य लावला, रंग बदलले. घाईत आकडा तसाच राहिला. परीक्षकांना त्याचं चित्र अधिक उठावदार वाटलं.

बक्षीस देताना क्लासच्या संचालकांनी माइकवरच विचारलं, हे सतरा कशाचे?

"लकी नंबर हाय सर."

टाळ्या झाल्या. ती तिसऱ्या रांगेत होती. मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. त्याने कात्रण चौकटीत घालून दुकानात लावलं.

पुढच्या वर्षी हदगावच्या एका संस्थेने तशीच स्पर्धा ठेवली. बक्षीसही तेच. सोमवारपासून शनिवारपर्यंत एकही चित्र आलं नाही.

रविवारी साडेपाचला मी झेरॉक्ससाठी खाली त्याच्या दुकानात गेलो. त्याचं घड्याळ कीबोर्डशेजारी होतं. पडद्यावर स्पर्धेचं कोरं पान. तो ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता.

"कोणी टाकूनच नाही राहिलं," तो म्हणाला. फसवणूक झाल्यासारखा त्याचा आवाज होता. "लोकांला झालं काय, साहेब?"

मी माहीत नाही म्हणालो. वर ती तयार चित्र समोर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती.

पाच अठ्ठावन्नला तिचं चित्र आलं. सहापर्यंत आणखी अकरा आली. निकाल त्या बारांतून लागला, पहिलं नाव तिचं. त्याचं नाव त्या बारांत नाही.