हेटीची तिशी

हेटी ऑर्मरॉडने आयुष्यात एकच चोरी केली, तीही स्वतःच्या वयाची. लग्न ठरलं तेव्हा वॉल्टर चोविसाचा होता आणि ही अठ्ठाविसाची. बाईने बिनदिक्कत चार वर्षं गिळली. मग वॉल्टर लढाईवर गेला, आणि हेटी लीड्सच्या कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरता भरता त्या दारूनेच हळद लागल्यासारखी पिवळी झाली.

तीन वर्षांनी, १९१८ साली, मतदारयादीचा कारकून तिच्या दारात उभा राहिला. लढाईत बायकांनी देश चालवला म्हणून सरकारने त्यांना मत दिलं खरं, पण तिशी गाठलेल्यांनाच. शिवाय यादी चॅपलच्या दारावर लागणार, म्हणजे नाव दिसलं की वय गावभर.

"वय?" कारकुनाने विचारलं.

"सत्तावीस," हेटी म्हणाली. तो टोपीला हात लावून पुढे गेला.

कारखान्यात हिच्याच बाकावर बसणारी बावीस वर्षांची डोरा आत चहा पीत होती. तिने कप आपटला. "वा गं वा! गोळे मीही तेवढेच भरले, खोकलाही तुझ्याइतकाच. मी लहान म्हणून मला मत नाही, आणि तुला मिळतंय तर तू लहान होऊन बसलीस."

"वॉल्टरने लग्न मोडलं तर?"

"मोडू दे की. तो काय तुझ्या वयाशी लग्न करतोय?"

हेटीला असा राग आला म्हणता, तोही स्वतःचाच. ती अॅप्रनसकट धावली आणि खाटकापुढच्या रांगेत सगळ्या बायकांदेखत तिने कारकुनाला गाठलं. "अहो, एकतीस. नीट लिहा."

डिसेंबरात, मतदानाच्या आदल्या दिवशी वॉल्टर रजेवर आला, तो चॅपलच्या दारावरची यादी वाचूनच. 

"तिशी उलटली?" तो म्हणाला.

"हो, एकतीस. लग्न मोडायचं तर मोड. नाव मी खोडणार नाही."

वॉल्टरने तिचे पिवळट हात हातात घेतले. "तिकडे तोफेत गोळा घालताना वाटायचं, हा हेटीने भरला असेल. तुझं वय काही कधी आठवलं नाही बघ. पण पुन्हा खोटं बोलू नकोस."

हेटी रडली, आणि चांगली पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी डोरा तिच्यासोबत मतदानाच्या शाळेपर्यंत आली. फाटकाशी थांबली. "मी इथवरच."

"मग पटकन सांग," हेटी म्हणाली, "आपण कुणाला देतोय?"

डोराने कानात नाव सांगितलं. हेटी आत गेली आणि तिने त्याच नावापुढे फुली मारली.