धक्क्याची मौज

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आष्टीच्या नव्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली, तेव्हा घरात एवढंच ठरलं होतं, की ती मिळाली तर मास्तर, नाहीतर परत औत धरायचं.

शाळेच्या कमिटीत तिघं होते. अध्यक्ष वाटूरचे मोठे शेतकरी. आवाजाहून वेगाने उडणाऱ्या विमानाबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याचा दणका कशाने बसतो ते फळ्यावर समजावून सांगा, म्हणाले.

माझी शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झाली, कॉलेज इंग्रजीतून. शास्त्र मराठीत बोलायची ती पहिलीच वेळ. मी फळ्यावर विमानाचा पंख काढला. विमान हळू असलं की त्याची चाहूल आवाजाच्या वेगाने पुढे पळते आणि हवा आधीच बाजूला होते, बाजारात घुंगरांचा आवाज ऐकून माणसं गाडीला वाट देतात तशी. पण विमानाने आवाजालाच मागे टाकलं, तर चाहूल पोचतच नाही. हवा पंखाच्या कडेशी एकदम दबते. "आणि तिथे," मी म्हणालो, "धक्क्याची मौज तयार होते."

तिघंही हसू लागले. मला कळेना. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, धक्के खाऊन तुम्हाला मौज वाटून राह्यली का?"

उर्दूत मौज म्हणजे लाट. शेवटी कमिटीतल्या हेडमास्तरांनी 'लाट' हा मराठी शब्द हळूच सांगितला.

"मंग ही लाट एकदाच उठते, का इमानासंगं चालूच राहते?" अध्यक्षांनी विचारलं.

वेग आहे तोवर सोबतच राहते, मी म्हणालो.

"मंग खालच्याला दणका एकदाच कसा?"

"न्हाई सांगता येत," मी म्हणालो.

मला बाहेर बसवलं, थोड्या वेळाने आत बोलावलं. सोमवारपासून या, पण भूगोल शिकवा. मी मनापासून हात जोडले. पास झालो की नापास, ते मात्र समजेना. उत्तर सुचलं ते गावाच्या वाटेवर: लाट पंखापासून मागे तिरकी पसरते आणि विमानाबरोबर जमिनीवरून सरकत जाते, म्हणून प्रत्येकावरून एकदाच जाते. आता ते सांगायचं कोणाला?

घरी वडिलांनी विचारलं, "लागली का?"

"लागली. पण भूगोलाची."

वडील विचारात पडले. "ते इज्ञानाहून खालचं राहतं का?"

मला तेही नक्की माहीत नव्हतं.