लॅमिनेशन केलेली किल्ली

पेण सोडलं तेव्हा मी अगदी खुशीत होतो. धरमतर खाडीजवळ हिराकाकींच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं झालं होतं. पाठीवरच्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या नवऱ्याचा आवाज होता. मिठागरात जन्म काढलेले काका गेल्या वर्षी माझ्याशी तासभर बोलले आणि काही महिन्यांत गेले. रोह्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला, सुलभाला, तो आवाज ऐकवायचा होता. काकींना मात्र धीर नव्हता. "पोरीला ऐकव भाऊ. मना नाय जमायचा," म्हणाल्या.

मी गावोगाव लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करतो. लोक विश्वासाने बोलतात, म्हणून माझी डिस्क कुलूपबंद असते. तिची किल्ली एका स्मार्ट कार्डाच्या चिपमध्ये. कार्ड लावून पिन दिला तरच डिस्क उघडते. काकींनी विचारलं म्हणून कार्ड दाखवलं, फार जपावं लागतं असंही ऐटीत सांगितलं.

गडब, नागोठणे मागे टाकत रोह्याला पोहोचलो, सुलभाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि खिसे चाचपले. कार्ड नव्हतं. जोडीला दुसरं कार्ड करून ठेवायचा मी कायम आळस केलेला. रेकॉर्डिंगची एक प्रत होती, पण तिलाही हीच किल्ली.

काकींना फोन लावला. कार्ड खिडकीतच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या स्वतः आल्या. पदराची गाठ सोडून कार्ड पुढे केलं. त्यावर जाड, चकचकीत लॅमिनेशन!

"खाऱ्या हवेत काय टिकतंय? रेशनकार्डालाबी केलाय," काकी समाधानाने म्हणाल्या.

मला रडावं की हसावं कळेना. चिपवर प्लास्टिक, एक कड यंत्राच्या उष्णतेने वाकलेली. सुलभाने ब्लेड आणलं. मी श्वास रोखून एकेक पापुद्रा सोलला, चिप पुसली, कार्ड लावलं, पिन दिला. डिस्क उघडली. एवढं हायसं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

काकी उठून आत निघाल्या होत्या. तेवढ्यात लॅपटॉपमधून काकांचा आवाज आला, "चाय झाली काय गो?"

काकी उंबऱ्यात थांबल्या. "व्हय, ठेवलीय," म्हणाल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावून तासभर तिथेच बसून राहिल्या.

आवाज सुलभाच्या फोनमध्ये घालून दिला. घरी येताच आळस झटकून दुसरं कार्ड केलं. पिन माझ्या डोक्यात, ते कार्ड काकींच्या डब्यात, रेशनकार्डाशेजारी. जपायला दिलेली वस्तू त्या कशी जपतात, ते मी पाहिलं आहे.