सहावा मोबाईल

उमेळ्याच्या श्रीरंग चुरींना लोक ‘मोबाईलवाले इंजिनीअर’ म्हणत. पाठीमागे म्हणत तेव्हा त्यात थट्टा असे, आणि तोंडावर म्हणत तेव्हाही थोडी असेच. चुरींना त्याचं काही वाटत नसे. केळीच्या वाडीत वाढलेला हा माणूस डिप्लोमा करून पंचवीस वर्षं बिल्डरांच्या साइटवर उन्हात उभा राहिला होता. कुठल्या खांबात किती लोखंड कमी पडलं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि दर वेळी मूग गिळले होते. पन्नाशीत नोकरी सोडली ती त्याच शरमेपोटी.

मोबाईल आडवा धरला की पडदाही आडवा होतो, कारण आपण किती कललो हे त्या यंत्राला कळत असतं. मग तेच यंत्र खांबाला चिकटवलं तर खांब किती कलला हेही कळेल, एवढीच चुरींची युक्ती. हे काम करणारी खरी उपकरणं मोठमोठ्या पुलांच्या नशिबी असतात. वसई-विरारच्या ओल धरलेल्या इमारतींना कोण विचारतो?

वसईत मोबाईल दुरुस्त करणारा क्लिफर्ड त्यांना फुटक्या काचांचे जुने मोबाईल द्यायचा. देताना एकदा म्हणाला, “सर, ही खेळणी आहेत. यांच्या भरवशावर माणसं ठेवू नका.” चुरींनी ते मनावर घेतलं. तीन महिने घरच्या भिंतीला मोबाईल चिकटवून ते गवंड्याच्या ओळंब्याशी ताडून बघत राहिले. उन्हाने आकडा किती फसवतो हे तोंडपाठ झालं, तेव्हाच त्यांनी दुसऱ्याच्या इमारतीला हात लावला.

ती इमारत विरारच्या चंदनसारची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, दारावर ‘धोकादायक’ असा चिकटवलेला कागद. सोडून जायचं तर कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चुरींनी जिन्याच्या आणि तळमजल्याच्या खांबांना सहा मोबाईल चिकटवले. दर तासाला त्यांचे आकडे चुरींच्या फोनवर येत. रहिवाशांच्या सभेत त्यांनी बजावलं, “आकड्याने ठरलेली रेषा ओलांडली की माझा फोन येईल. मग गॅस बंद करायचा आणि अंगावरच्या कपड्यांनिशी खाली यायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या दिवसापासून सगळे निर्धास्त झाले. एवढा विश्वास माणसावर कुणी टाकू नये.

दुसऱ्या मजल्यावरच्या यमुना घागांनी तर मोबाईलची राखणच सुरू केली. कुणाचा धक्का लागला, चार्जर निघाला, की त्यांचा फोन आलाच. “चुरीसाहेब, तिसरा बंद पडलाय हो.” त्यांचे यजमान विठ्ठलराव नुकतेच निवृत्त झाले होते. बायकोचा हा नवा उद्योग बघून ते गालात हसत.

खंडेनवमीला चुरी उमेळ्याच्या घरी पूजेला बसले होते. पाटावर ओळंबा, टेप, जुनं लेव्हलयंत्र मांडलेलं. तेवढ्यात फोन वाजला. चंदनसारच्या सहाही मोबाईलनी रेषा ओलांडली होती. चुरी पाटावरून उठले. त्यांनी यमुनाबाईंना फोन लावला.

“अहो साहेब, आज हत्यारांची पूजा ना!” त्या कौतुकाने म्हणाल्या. “तुमची हत्यारं आमच्याकडे. काढून स्वच्छ पुसली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि होती तिथेच चिकटवली.”

चुरींना हसू आलं आणि डोळेही भरून आले. आपल्या फुटक्या मोबाईलना कुणीतरी फूल वाहिलं होतं. रागावण्याची ही वेळ नव्हती. काढून चिकटवले म्हणजे आकडे बदलणारच. त्यांनी घरबसल्या सहाही आकडे शून्यावर आणले आणि नव्याने मोजणी सुरू केली. तिथे जाऊन ओळंबा लावायला हवा होता. दसरा झाला की जाऊ, म्हणाले. मग पाहुणे आले, मग कणकण आली.

नवमीनंतर अकराव्या दिवशी दुपारी पावणेचारला इमारतीचा मागचा कोपरा खाली बसला. बहुतेक माणसं कामावर होती. यमुनाबाई दळण आणायला गेल्या होत्या. विठ्ठलराव जेवून आडवे झाले होते. त्यांना संध्याकाळी बाहेर काढलं, तेव्हा अंगावरची चादर तशीच होती.

बातम्यांत आलं की मोबाईलसारख्या खेळण्याने इमारत मोजत होते. रहिवासी म्हणू लागले की बाईने पूजेचं खूळ काढलं आणि घात केला. दोन्ही खोटं. इमारत पडल्यावर चुरींनी खंडेनवमीची नोंद उघडली तेव्हा त्यांना खरं काय ते दिसलं. पाच मोबाईलची आलेखातली रेघ सकाळी तुटली होती आणि पुन्हा भलतीकडेच सुरू झाली होती. सहाव्याची रेघ अखंड होती. चार दिवस ती हळूहळू चढत होती, त्या सकाळी तिने मर्यादा ओलांडली, आणि चुरींनी स्वतःच्या बोटाने ती शून्यावर आणली; नव्या शून्यापासून ती पुन्हा मर्यादेला पोचायच्या आतच कोपरा बसला. मागच्या कोपऱ्यातल्या खांबाचा होता तो मोबाईल.

ते यमुनाबाईंच्या बहिणीकडे गेले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“वहिनी, मागच्या खांबावरचा, मीटरच्या पेटीच्या वरचा मोबाईल... तो काढला होता तुम्ही?”

“तो राहिला,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी स्टूल धरलं, तरी माझा हात पोचेना. राहू दे, पडशील, म्हणाले.” मग एकदम त्यांचा आवाज फाटला. “त्याला पूजा पोचली नाही, म्हणून झालं का हो हे?”

हो म्हणणं सोपं होतं. काहीच न बोलणं त्याहून सोपं. आयुष्यभर चुरी तेच करत आले होते.

“नाही,” ते म्हणाले. “तो एकटाच खरं सांगत होता. खांब कलला होता. मला वाटलं, तोही तुम्हीच हलवलात. मी त्याचं ऐकलं नाही. चूक माझी आहे, वहिनी, तुमची काही नाही.”

यमुनाबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. त्या दिवस मोजत होत्या.

“नवमीला कळलं होतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे अकरा दिवस होते आमच्याकडे?”

“हो,” चुरी म्हणाले.