आत्याच्या छातीतला जुना डाग

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

खोकला जाईना म्हणून आत्याला आष्ट्याहून मिरजेला दवाखान्यात नेलं. तिथं आता एक्स-रे आधी एआय वाचतं. स्क्रीनवर लाल खूण आली आणि मशीनवरचा माणूस भर गर्दीत ओरडला, "आजी, टीबी दाखवतोय. लांब बसा." बाकावरची माणसं पटापट उठली.

आत्या हळूच म्हणाली, "आवं साहेब, त्यो बहात्तरच्या दुष्काळात झाला हुता. हितंच बरी झाले मी." त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

तासाभरानं डॉक्टर आले. त्यांनी तिला नीट विचारलं, फोटो पाहिला आणि सांगितलं, डाग जुनाच आहे, खोकला घशाचा आहे.

एआयवर माझा राग नाही. डाग त्यानं बरोबर शोधला. पण "आधी कधी झाला होता का?" एवढं विचारायला तिथं माणूस बसवलाय ना? की त्यानं फक्त स्क्रीन वाचून ओरडायचं?

बहात्तरला आत्याची ताट-वाटी घरात वेगळी ठेवली होती. आज घरी आल्यावर चहा झाला, तसा तिनं आपला कप स्वतः विसळला आणि खिडकीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे तिथंच," म्हणाली, "पोरांच्या कपात मिसळू नगा."