कापसाच्या मिशा
माक्याचं तेल कढू लागलं की मला हिवरखेडचं आमचं घर आठवतं. वहिनी बाळंत झाली त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला की घरभर कापूसच साठवलेला. वहिनीच्या बाळाचा पाळणाही दोन ढिगांच्या मधे टांगलेला. बाळंतपणानंतर वहिनीचे केस मुठीमुठीने गळत होते. तेलं झाली, लेप झाले. "नवरा जित्ता असून मी बोडकी दिसीन वं बाई," म्हणत ती रडायची. त्यात शेजारणीने सांगितलं, लेकरू हसायला लागलं की आईचे केस गळतात. झालं! वहिनी तोंडावर पदर ओढूनच बाळाला पाजू लागली. आणि मी, बारा वर्षांची आगाऊ नणंद, कापसाच्या मिशा लावून त्याला दिवसभर खिदळवत होते! "पाया पडते बाई, त्याले हासवू नका," तिने हात जोडले. आठवड्याने सुईण आली आणि कडाडली, "लेकराले तोंड काहून नाई दावत? बाळंतपणात गेलेले केस सालभरात येतात. काढ तो पदर!" पदर निघाला, तर बाळ तिला ओळखेचना; भोकाड पसरून माझ्याकडे झेपावलं. वहिनी पांढरीफटक पडली. मग तिने माझ्या मिशा ओढून काढल्या, स्वतःच्या ओठांवर चिकटवल्या आणि रडत रडत भुवया उडवल्या. बाळ खुदकन हसलं. आता माझीच वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली आहे. तेल कढवते आहे खरी, पण शेजारी मिशांपुरता कापूसही काढून ठेवला आहे.