काकांचा दिवाळीचा पिक्चर

आमच्या गलाईवाल्या काकांइतका वाईट पिक्चर निवडणारा माणूस विट्यापासून सांगलीपर्यंत शोधून सापडणार नाही. काकांचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान आहे. दिवाळी हा त्या धंद्याचा हंगाम, त्यामुळे काका गावी येतात ते चकल्या मऊ पडल्यावर. आल्या आल्या सगळ्या खानदानाला जीपमध्ये कोंबून सांगलीला न्यायचं आणि एका रांगेत बसवून पिक्चर दाखवायचा, ही त्यांची वर्षातली एकमेव हौस. आता अख्ख्या खानदानाला एका रांगेत जागा मिळते, ती लोकांनी पाठ फिरवलेल्या पिक्चरलाच.

काकांना काही वाया गेलेलं खपत नाही. दुकानातली धूळसुद्धा झाडून, धुऊन तिच्यातलं सोनं काढणारा माणूस तो. लाडवाचा चुरा ते चमच्याने खातात. इकडे शेती सांभाळणाऱ्या काकू फोनवर तासभर रागावल्या, तर त्यातलंही एखादं बरं वाक्य वेचून चारचौघांत कौतुकाने सांगतात.

यंदाचा पिक्चर हिंदी, विनोदी होता. दिवाळीला कुटुंब जमतं, भांडतं आणि शेवटी नाचतं. माझ्या भावांनी मोबाइलवरचे शेरे वाचून दाखवले आणि यंदा राहू द्या म्हणाले. काकांचं तोंड एवढंसं झालं. मग काय, मुकाट्याने जीपमध्ये बसलो.

पडद्यावर आधी नायकाचे वडील शेणात पडले, मग सासरे पडले, मध्यंतरानंतर भटजी पडले. आमच्यात कोणी हसेना. धाकटा भाऊ घोरायला लागला, काकूंनी उसाच्या पाण्याच्या पाळीचा विषय काढला. माझं लक्ष मात्र काकांकडे गेलं. कोणी पडायच्या जरा आधीच ते पडद्यावरची नजर काढून आमच्याकडे वळवायचे, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही गप्पच. मग ते पुन्हा समोर बघायचे.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना धरलं. "आवं काका, तुमी ह्यो आदीच बघितलाय न्हवं?"

"बघितलाय," काका ओशाळून म्हणाले. "तिकडं, दिवाळीदिवशी, दुकान बंद केल्यावर. हसूच आलं न्हाई. मला वाटलं, एकट्यानं बघितला म्हणून आसंल."

मग आज तरी आलं का, असं काकूंनी विचारलं.

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई. पिक्चरच लय वाईट हाय."

त्यावर आम्ही असे हसलो की धाकटा भाऊ पायरीवरच बसला आणि काकूंना पदराने डोळे पुसावे लागले. पुढच्या खेळाला आलेल्या दोन कुटुंबांनी आमच्याकडे बघून घाईघाईने तिकिटं काढली. त्यांना अडवायचंही भान कोणाला राहिलं नाही. काका तेवढे गप्प उभे राहून आम्हाला बघत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ते परत निघाले त्या दिवशी मी सोडायला गेलो होतो. इतक्या वर्षांत काका दिवाळीच्या संध्याकाळी तिकडे काय करत असतील, हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. काही बोलावं म्हणून, पोचल्यावर आराम करा म्हणालो. काकांनी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"तिकडं ह्यो पिक्चर आजून चालू आसला तर परत बघतो गड्या," ते म्हणाले. "आता यील हसू."